निष्पक्ष साक्षीदार आणि देगेतले मीठ

नांदेडच्या कचेरीसमोर, कडुनिंबाखाली माझे टेबल आहे. सकाळी सावली माझ्यावर असते आणि दुपारी पक्षकारावर. त्यामुळे सकाळचे पक्षकार लवकर मुद्द्यावर येतात आणि दुपारचे घराण्याचा इतिहास सांगत बसतात. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले. त्यापुढचे शिक्षण मी शासनाशी पत्रव्यवहार करून घेतले, असे मी सांगत असतो आणि त्यात असत्य काही नाही. आजमितीस या आवारात बसणाऱ्या अर्जनवीसांमध्ये, ज्याचा अर्ज साहेब शेवटपर्यंत वाचतात असा मीच. हे मी म्हणत नाही, साहेबांचे शिपाई म्हणतात.

आमच्या धंद्याविषयी लोकांचा गैरसमज असा, की हा माणूस लिहून देतो. लिहिणे हा शेवटचा आणि सोपा भाग आहे. आधी ऐकावे लागते आणि ऐकता ऐकता या माणसाला नेमके हवे तरी काय, हे शोधून काढावे लागते. प्रत्येक अर्जाच्या अखेरीस विनंती असते. ती नसेल तर वरचे सगळे नुसते गाऱ्हाणे. एक गृहस्थ शेजाऱ्याच्या कोंबड्याविरुद्ध तक्रार घेऊन आले होते. कोंबडा भल्या पहाटे आरवतो, झोप मोडते. मी लेखणी उचलून विचारले, "मग तो किती वाजता आरवावा अशी आपली विनंती आहे?" गृहस्थ बोटांवर तास मोजत बसले आणि चहा पिऊन निघून गेले.

दुसरी गोष्ट अशी, की दुःख जेवढे असते तेवढेच लिहिले तर ते कागदावर थोडे दिसते. ते चढवून लिहावे लागते. 'अर्जदार गरीब आहे' असे लिहिले तर कोणी वळून पाहत नाही. 'अर्जदार अत्यंत हलाखीच्या परिस्थितीत कसेबसे दिवस कंठीत आहे' असे लिहिले की निदान फाइल या टेबलावरून त्या टेबलावर सरकते. ही माझी आयुष्यभराची विद्या. ती जिथे सर्वस्वी निरुपयोगी ठरली, आणि तरीही जिथे मला माझ्या धंद्याचा सर्वाधिक अभिमान वाटला, त्या एका प्रकरणाविषयी मला लिहायचे आहे.

माझ्या साखरेच्या तपासणीसाठी मी शहरातल्या एका इस्पितळात बसलो होतो. मेंदूविकाराच्या विभागातून एक परिचारिका बाहेर आली आणि बाकड्यांकडे पाहून म्हणाली, "कुणाला नीट वाचता येतं का? साक्षीदार पाहिजे." बाकड्यांवरची माणसे एकमेकांकडे पाहू लागली. साक्षीदार हा शब्द आमच्या भागात कोणाला आवडत नाही. मी मात्र उभा राहिलो आणि सदऱ्याची वरची गुंडी लावली.

आत टेबलामागे डॉक्टर मॅडम होत्या. समोर खुर्चीत एक भरदार मिशीचा माणूस आणि शेजारी बुरख्यातली त्याची पत्नी. त्या माणसाला मी नावाने ओळखत होतो, कारण जुन्या नांदेडात ज्याने एकदाही लग्नाचे जेवण जेवले आहे तो खाजामियाँ बावर्चींना नावाने ओळखतो. पण आमची ओळखदेख नव्हती, आणि तेच मॅडमना हवे होते.

"तुमचं या इस्पितळाशी काही नातं?" त्यांनी मला विचारले.

"फक्त साखरेचं," मी म्हणालो.

"यांच्याशी?"

"यांच्या हातचे जेवण मी खाल्ले आहे. पण ते सगळ्या शहराने खाल्ले आहे."

"चालेल," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही आता निष्पक्ष साक्षीदार."

कागदावर तसे छापलेलेच होते. मला माझ्या उभ्या आयुष्यात कोणी निष्पक्ष म्हटले नव्हते. आमच्या धंद्यात जो आधी येऊन बसतो त्याचा पक्ष घ्यावाच लागतो.

बाहेरच्यांसाठी थोडे खुलाशाने सांगतो. मिरगीच्या बहुतेक रोग्यांचे झटके गोळ्यांनी आटोक्यात येतात. पण काही माणसे अशी असतात, की वेगवेगळ्या गोळ्या नेमाने घेऊनही झटके यायचे ते येतातच. खाजामियाँ त्यांपैकी एक. अशांसाठी एक नवे औषध तपासले जात होते. जुन्या गोळ्या तशाच चालू ठेवायच्या आणि वरून ही एक कॅप्सूल जोडायची. मात्र काही रोग्यांना खरी कॅप्सूल मिळणार होती आणि काहींना हुबेहूब तशीच, आत औषध नसलेली. कोणाला कोणती, हे रोग्याला सांगायचे नाही. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याला हे सगळे समजावून सांगताना एक तिऱ्हाईत माणूस हजर पाहिजे, असा नियम आहे. त्याने पाहायचे, की जे कागदावर आहे तेच सांगितले गेले, आणि माणसाने समजूनउमजून, कोणाच्या दबावाशिवाय अंगठा दिला. हे सगळे कॅमेऱ्यात टिपतात. मी केसांवरून हात फिरवून घेतला.

मॅडमनी माझे नाव लिहून घेतले आणि कागद वाचायला माझ्याकडे दिला. मी घसा साफ केला. "सदर रोगी अनेक वर्षांपासून दुर्धर अशा व्याधीने गांजलेला असून..."

"असं लिहिलंय का तिथे?" मॅडमनी विचारले.

"लिहिलेले नाही. परंतु असायला हवे होते."

"नागोराव, जे लिहिलंय तेवढंच वाचा."

मी तेवढेच वाचले. फार कोरडा कागद होता. त्यात कोठेही काकुळती नव्हती. खाजामियाँ मात्र लक्ष देऊन ऐकत होते.

"कुणाला खरी अन् कुणाला खोटी, हे डॉक्टरबाईला ठाऊक राहील ना?" त्यांनी मला विचारले.

"त्यांनाही नाही."

"मग ठाऊक कुणाला?"

"संगणकाला."

"अन् तो बोलत न्हाई?"

"वेळ आल्याशिवाय नाही."

खाजामियाँनी मिशीवरून हात फिरवला. "समजलं. मसाला जुनाच. काही देगांत वरून एक चिमूट नवं टाकायचं, काहींत नुसतं टाकल्यासारखं करायचं. मग खाणाऱ्याला विचारायचं, कसं झालं."

मॅडम माझ्याकडे पाहू लागल्या. "असं लिहायला पाहिजे होतं त्या कागदावर," त्या म्हणाल्या. मी चष्मा पुसू लागलो, कारण हे मला सुचायला हवे होते.

अंगठा देण्यापूर्वी खाजामियाँनी एकच प्रश्न विचारला. "झटके थांबले तर मला भट्टीवर जाता येईल का?"

त्या प्रश्नामागचे कारण शमीमभाभींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने सांगितले. एका लग्नात भट्टीपाशी उभे असतानाच त्यांना झटका आला होता आणि डावा हात कोपरापर्यंत भाजला होता. तेव्हापासून घरच्यांनी त्यांना आगीजवळ जाऊ दिले नव्हते. धाकटा भाऊ युसूफ स्वयंपाक करायचा आणि हे लांब खुर्चीवर बसून ओरडायचे. त्यातून आता मुलीचे, नाझियाचे लग्न लातूरला ठरले होते. लातूरच्या व्याह्यांनी एकच इच्छा सांगितली होती, जेवण खाजामियाँच्या हातचे पाहिजे. आणि त्यांच्या बावर्ची घराण्यात रीत अशी, की मुलीच्या लग्नाच्या देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, मीठ बापाच्या हातचे पडते. बाप नसेल तरच चुलता टाकतो.

"मी असून युसूफनं टाकलं तर लोक काय समजतील?" खाजामियाँ म्हणाले. "पोरगी काय समजेल?"

मॅडम म्हणाल्या, "बराच काळ एकही झटका आला नाही, तर विचार करू. आज शब्द देत नाही."

खाजामियाँनी अंगठा दिला, मी सही केली. माझी सही लांब आहे, चौकटीबाहेर गेली.

त्यानंतर त्या विभागात माझे जाणे-येणे सुरू झाले. निरक्षर रोगी आला की परिचारिका मला फोन करायची आणि मी टेबलावर दगड ठेवून निघायचो. पक्षकार विचारत, "मुन्शीजी कुठं निघाले?" मी म्हणायचो, "निष्पक्षतेचं काम आहे." खाजामियाँ ठरल्या तारखेला तपासणीला यायचे. मॅडम विचारायच्या, "झटके किती आले?" आणि शमीमभाभी हसून म्हणायच्या, "न्हाई आले, डॉक्टरबाई. अल्लाचा फजल हाय." घरी लावायला एक कॅलेंडर दिले होते, झटका आला की त्या दिवसावर तांबडी खूण करायची. ते नव्यासारखे कोरे परत यायचे. मॅडमचा चेहरा खुलायचा. मीही बाहेर येऊन सांगायचो, की आमचे औषध उत्तम चालले आहे.

मग एक दिवस खाजामियाँ माझ्या टेबलाशी आले. लग्नासाठी नगरपालिकेचा हॉल पाहिजे होता, त्याचा अर्ज. दुपार होती, सावली त्यांच्यावर होती. हॉलला किती खोल्या आहेत आणि देगा कोणत्या दाराने आत जातील, हे ते मला तपशिलाने सांगत होते आणि बोलता बोलता थांबले. डोळे माझ्यावर होते, पण मला पाहत नव्हते. उजवा हात टेबलाच्या कडेवर कणीक मळल्यासारखा फिरू लागला. मग ते बाकड्यावरून खाली आले आणि अंग ताठ होऊन झटके सुरू झाले.

आमच्या आवारात गर्दी जमायला वेळ लागत नाही. एकाने चप्पल काढली. "हुंगवा, हुंगवा." दुसरा चहाच्या टपरीवरून कांदा घेऊन धावला. तिसरा हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबू लागला. मी टेबल ओलांडून पुढे झालो. "सर्वांनी मागे सरकावे. हा रोगी शास्त्रीय पाहणीत आहे. चप्पल पायात घालावी." इस्पितळाच्या भिंतीवरचा प्रथमोपचाराचा तक्ता मी इतक्यांदा वाचला होता की पाठ झाला होता. डोक्याखाली माझी कागदांची पिशवी सरकवली, गुंडी सैल केली, तोंडात काही घालू दिले नाही, आणि अंग सैल पडताच त्यांना कुशीवर वळवले. कांदेवाला नाराज झाला. "आमच्याकडं कांद्यानंच उतरतं," तो म्हणाला. मी त्याला सांगितले की त्याचा आक्षेप नोंदवून घेतला आहे.

थोड्या वेळाने खाजामियाँनी डोळे उघडले. जरा इकडेतिकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मुन्शीजी, अर्ज झाला का?"

"होतो आहे. तुम्ही पडून राहा."

"डॉक्टरबाईला सांगू नका."

मी त्यांना रिक्षात घालून घरी नेले. शमीमभाभींनी मला पाहिले, नवऱ्याच्या सदऱ्याला लागलेली माती पाहिली आणि काही न विचारता ताट वाढले. दालचा होता. आमच्याकडचा दालचा परगावच्या वाचकांनी खाल्ला नसेल तर त्यांच्यासाठी मला वाईट वाटते. डाळ, दुधी, मटण आणि चिंचेची आंबट उकळी. मी जेवत होतो आणि विचारायचे कसे, हे ठरवत होतो.

"भाभी, असे आणखी किती झाले?"

"अधनंमधनं होतात," त्या हळूच म्हणाल्या. "पहिल्यावानी न्हाईत. लई कमी झालेत."

"मग मॅडमना काही आले नाहीत असे का सांगता?"

"कसं सांगावं? ती बाई यांना भाऊ म्हणती, सोता उठून पाणी देती. इतकी मेहनत करून राहिली. तिच्या तोंडावर म्हणायचं का, तुमच्या गोळीनं भागलं न्हाई म्हणून? दुसऱ्याच्या घरी जेवायला गेलं अन् मीठ कमी असलं, तर आपण सांगतो का?"

आमच्या भागाची ही आदब मला नवी नव्हती. पाहुण्याने ताटात नाव ठेवायचे नाही. पण ही आदब इस्पितळात इतकी खोल जाऊन बसली असेल, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. बाकड्यावरचे इतर रोगीही मॅडमना हसून 'बरं हाय' म्हणतात, ते आता माझ्या डोळ्यांसमोर येऊ लागले.

"अन् दुसरं म्हंजे," खाजामियाँ भिंतीला टेकून म्हणाले, "झटका आला म्हटलं की मीठ गेलं. बाईनं साफ सांगितलं होतं, एकबी नको. मला परीक्षेत पास व्हायचं हाय, मुन्शीजी."

येथे माझा धंदा कामाला आला. मी ताट बाजूला सारले. "खाजाभाई, कोर्टात कधी उभे राहिला आहात?"

"एकदा. चुलत्याच्या जागेच्या भानगडीत."

"आरोपी म्हणून?"

"न्हाई, साक्षीला."

"मग समजून घ्या. इथे आरोपीच्या पिंजऱ्यात गोळी उभी आहे. हिने काम केले की नाही, हा खटला. तुम्ही साक्षीदार. परीक्षा तिची चालली आहे आणि तुम्ही तिला सोडवायला खोटी साक्ष देत आहात."

खाजामियाँ सावकाश सरळ बसले. "म्हंजे परीक्षा माझी न्हाईच?"

"नाही."

"मग इतके दिवस मी कशापायी पास व्हायला बघून राहिलो?"

शमीमभाभींना हसू आले आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. ते मात्र हसले नाहीत. त्यांनी भाजलेल्या हाताची बाही वर सारून पाहिली. पक्षकाराचे नुकसान होईल असा सल्ला मी कधी देत नाही, आणि खरे सांगितले तर त्यांचे नुकसान होणार, हे आम्हा तिघांनाही दिसत होते.

"युसूफनं एकदा एका लग्नात मीठ जास्त टाकलं," ते शेवटी म्हणाले. "समद्यांनी बोटं चाटून सांगितलं, वा, बहुत खूब. त्यानं पुढच्या लग्नात तेवढंच टाकलं. पुन्ना लोक म्हणले, वा. दोन घरची लग्नं खारट झाली अन् त्याला पत्ताच न्हाई." ते उठले. "त्या बाकड्यावर माझ्यासारखे लई जण बसतात, मुन्शीजी. माझ्या तारिफेवर त्यांची गोळी ठरायची. चला, सांगून टाकू."

मॅडमसमोर मी बोलणार होतो. वाक्ये तयार होती. पण खाजामियाँनीच सांगितले, थोडक्यात, खाली पाहून. मॅडमनी पेन खाली ठेवले. मला वाटले आता रागावतील. त्या फक्त म्हणाल्या, "कधी कधी आले, आठवेल का?"

शमीमभाभींना तारखा येत नव्हत्या, पण त्या दिवशी चुलीवर काय होते ते सगळे आठवत होते. "एकदा अंबाडीची भाजी होती. नाझियानं भाकरी करपवली होती त्या दिशी. एकदा जुम्म्याला, खिचडा होता. एकदा काहीच शिजवलं नव्हतं, लातूरवाले येणार होते म्हणून माझ्या भावाच्या घरून आलं होतं." मॅडम कॅलेंडर पुढे ठेवून एकेक भाजी तारखेला लावत गेल्या. सगळ्या तारखा काही जुळल्या नाहीत. ज्या जुळल्या नाहीत त्या त्यांनी तशाच, जुळल्या नाहीत असे म्हणून, लिहून ठेवल्या. मग औषधाआधीच्या झटक्यांच्या नोंदीचा कागद काढून शेजारी ठेवला आणि दोन्हींतले झटके मोजले.

"खाजाभाऊ, तुमचे झटके खरंच पुष्कळ कमी झालेत," त्या म्हणाल्या. "कशामुळे ते मला आज सांगता येणार नाही. पण हे आता मला खरं म्हणून धरता येतं. याआधी तुम्ही सांगत होता ते मला काहीच उपयोगाचं नव्हतं."

"अन् भट्टी?"

"भट्टी नाही. अजून झटके येतायत."

खाजामियाँनी मान डोलावली. त्यांनी हे उत्तर घरूनच बरोबर आणले होते, असे वाटले.

त्याच दिवशी कागदपत्रांत काही सुधारणा झाली होती आणि नवा कागद वाचून पुन्हा अंगठा घ्यायचा होता. मी सवयीने चष्मा लावला. मॅडम म्हणाल्या, "नागोराव, तुम्ही यांच्या घरी गेला होता?"

"गेलो होतो."

"जेवलात?"

"दालचा होता."

"मग तुम्ही आता निष्पक्ष राहिला नाहीत."

मी नियम वाचून पाहिला. तसा अर्थ निघत होता. बाहेर बसलेल्या एका शिक्षिकाबाईंना बोलावले आणि त्यांनी कागद वाचला. चांगला वाचला, पण फार भरभर. मी कोपऱ्यात उभा होतो. त्या पदावरून मी पायउतार झालो याचे मला अजूनही वाईट वाटते. तथापि दालचा पाहता ते अगदीच अन्यायाचे होते असे म्हणवत नाही.

जिन्यावर खाजामियाँ थांबले. "चला, युसूफ टाकील मीठ. तोबी घरचाच हाय," ते म्हणाले, आणि ते इतक्या साध्या आवाजात म्हणाले की मला राहवले नाही. निष्पक्षपणाचे ओझे उतरल्यामुळे आता मला त्यांचा पक्ष घ्यायला कोणाची आडकाठी नव्हती. मी टेबलावर परत येऊन अर्ज लिहिला. 'प्रति, माननीय डॉक्टर मॅडम यांस. विषय: देगेत मीठ टाकण्याची परवानगी मिळणेबाबत.'

मॅडमनी तो उभ्या उभ्या वाचला. "डॉक्टरला कोणी अर्ज करतं का?"

"ज्याच्या हातात परवानगी आहे त्याला करतात."

"'अर्जदाराचे पितृहृदय विदीर्ण होत असून' हे काढा."

"काढतो."

"'भट्टी पेटण्यापूर्वी' म्हणजे?"

"देग थंड असताना, मॅडम. पाणी भरलेले, खाली लाकडे रचलेली, पण काडी लावलेली नाही. तेव्हा मीठ टाकावे आणि मागे सरावे. आपली हरकत आगीला आहे, मिठाला नाही."

मॅडम खुर्चीत बसल्या. पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर साहेबांसारखे भाव दिसले, म्हणजे सही करावी की करू नये असे. मग त्यांनी अर्जाच्या समासात लिहायला घेतले. आदल्या रात्री पूर्ण झोप घ्यावी, कारण जागरणाने झटका येतो. सर्व गोळ्या वेळेवर. मीठ भट्टी पेटण्यापूर्वी. त्यानंतर भट्टीपासून लांब रेषा आखावी आणि ती ओलांडू नये. देग आगीवरून उतरवून रेषेबाहेर आणल्यावर झाकण उघडण्यास हरकत नाही, मात्र दोन्ही बाजूंना माणूस पाहिजे. खाली सही. मी आयुष्यात पुष्कळ अर्ज मंजूर करून आणले, पण इतकी सुवाच्य मंजुरी पाहिली नाही.

खाजामियाँनी अटी ऐकल्या आणि सगळ्यांत आधी मिठावर अडले. "थंड्या पाण्यात मीठ? कोणता बावर्ची टाकतो? पाण्याला उकळी फुटली की चव घेऊन टाकतात. थंड्या पाण्यात अंदाजच लागत न्हाई."

"खाजाभाई, हे मिळते आहे."

"हाव, हाव," ते म्हणाले. "टाकतो. पण मनात काट्यावानी टोचंल."

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ते आमच्या घरी झोपायला आले, कारण त्यांच्या घरी कांदे चिरणाऱ्यांचा आवाज ऐकून त्यांना झोप येणे शक्य नव्हते. माझ्या पत्नीने त्यांना गोळ्या दिल्या आणि खोलीला बाहेरून कडी घातली. सकाळी ताजेतवाने उठून ते म्हणाले, "लग्नाच्या दिवशी बावर्चीला इतकं बरं वाटणं बराबर न्हाई."

हॉलच्या मागे मोकळ्या जागेत देगा मांडल्या होत्या. मोहल्ल्यातल्या पोरांनी कबड्डीच्या मैदानासारखी फक्कीची पांढरी रेषा भट्ट्यांभोवती ओढली होती. पाणी भरलेले, लाकडे रचलेली. नाझिया हळदीच्या हातांनी मागच्या दारात येऊन उभी राहिली. खाजामियाँनी ओंजळभर मीठ घेतले, बिस्मिल्ला म्हटले, आणि पहिल्या देगेत सोडले. हात पाण्यावर काही क्षण तसाच राहिला. तो भाजलेला हात होता. मग ते एकेका देगेपाशी गेले, आणि शेवटची झाल्यावर स्वतःच्या पायांनी रेषेबाहेर येऊन उभे राहिले. नाझिया डोळे पुसत आत पळाली. युसूफने काडी लावली.

त्यानंतरचा सगळा स्वयंपाक आरडाओरड्यात झाला. "युसूफ, पुदिना आत्ता न्हाई. आच कमी कर, लातूरवाले अजून अहमदपूरलाबी पोचले न्हाईत." बोलता बोलता पाऊल पुढे पडायचे आणि रेषेवर बसलेली पोरे एका सुरात ओरडायची, "खाजाचाचा आऊट." युसूफ झारा हलवत म्हणायचा, "भाईजान, तुम्ही खेळात न्हाई, पंचायतीत बसा." मी अर्जाची प्रत हातात घेऊन उभा होतो आणि गरज पडेल तशी अट वाचून दाखवत होतो.

दुपारी लातूरची वरात आली. व्याही अन्वरसेठ लातुरात खानावळ चालवतात, खाण्यातले जाणकार. दमावर ठेवलेली पहिली देग चार गड्यांनी बांबूवरून उचलून रेषेबाहेर वाळूवर ठेवली. एका बाजूला युसूफ, दुसऱ्या बाजूला मी. खाजामियाँनी झाकणाच्या कडेला लावलेली कणीक फोडली, झाकण सरकवले आणि वाफ वर आली. बगाऱ्याचा, म्हणजे फोडणीच्या भाताचा, तो वास मला इथे लिहिता येत नाही, आणि न येणारी गोष्ट कबूल करणे मला सहसा जमत नाही.

पंगतीसाठी दस्तरखान अंथरले गेले. अन्वरसेठनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "वा, खाजामियाँ. मीठ तर असं बराबर, जणू तोलून टाकलं." त्यांच्या मागोमाग सगळी वरात म्हणाली, "बराबर, एकदम बराबर."

डॉक्टर मॅडमनाही बोलावणे होते. त्या बायकांच्या बाजूला दाराजवळ शमीमभाभींशेजारी जेवत होत्या. खाजामियाँ दारापाशी जाऊन अदबीने उभे राहिले. "डॉक्टरबाई, मीठ?"

मॅडमनी घास खाल्ला. शमीमभाभींकडे पाहिले. "खरं सांगू?"

"खरंच सांगा."

"थोडं कमी आहे."

शमीमभाभींचा हात तोंडाशी गेला. आजूबाजूच्या बायका ताटाकडे पाहू लागल्या. माझ्या आठवणीत त्या हॉलमध्ये कोणी पाहुण्याने असे कधी म्हटले नव्हते. खाजामियाँनी शमीमभाभींच्या ताटातून चार शिते उचलून तोंडात टाकली, डोळे मिटून चघळली, आणि एकदम इतक्या मोठ्याने हसले की बाहेरून युसूफ धावत आला.

"हाव, कमीच हाय," ते म्हणाले. "थंड्या पाण्यात टाकलं ना. सकाळपासून टोचून राहिलं होतं. समदी वरात वा वा करून राहिली अन् मी बेचैन, की खरं कोण सांगंल. आता मला नीट जेवण जाईल." मग शमीमभाभींकडे वळून म्हणाले, "बघ. या बाईला आपण इतके दिवस खोटं सांगत होतो."

त्या औषधाचा निकाल अजून राखून ठेवलेला आहे. खाजामियाँच्या कॅप्सुलीत काय होते ते संगणकाला माहीत, आणि सगळ्या रोग्यांची पाहणी पुरी झाल्यावरच तो बोलेल. कॅलेंडरावर आता अधूनमधून तांबडी खूण असते, आणि ती शमीमभाभी स्वतः करतात. लग्नाच्या दिवशी मात्र दारातच उभे राहून खाजामियाँनी मला हाक मारली, कारण आत बाहेर वाद पेटला होता आणि अन्वरसेठ आपल्या म्हणण्यावर ठाम होते.

"मुन्शीजी, तुम्ही सांगा. मीठ कमी का बराबर?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी ताट खाली ठेवले, तोंड पुसले आणि उभा राहिलो.

"माझी साक्ष ग्राह्य धरू नये," मी म्हणालो. "मी तिसऱ्यांदा वाढून घेतले आहे."